कूपनावरचा तो कोड तुमच्याबद्दल काय सांगतो

तुम्ही लिहिलंय की कल्याणला घराजवळच्या मोठ्या दुकानात किराणा आणि औषधं एकाच ठिकाणी घेता. बिल करताना मोबाइल नंबर देता आणि मग फोनवर शंभर रुपयांचं कूपन येतं. गेल्या महिन्यात सासऱ्यांसाठी साखर तपासायच्या पट्ट्या घेतल्या, तर आठवड्याभरात शुगर-फ्री बिस्किटांवर सूट आली आणि फोनवर मधुमेहाच्या जाहिराती दिसायला लागल्या. तेव्हा फोन आपलं बोलणं ऐकतो का, आणि हे कूपन घ्यावं की सोडावं, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. फोनला ऐकायची गरजच पडत नाही. तुम्ही काउंटरवर दहा आकडे सांगितलेत, तिथेच सगळं सांगून झालं.

मी चौदा वर्षं हेच काम केलं. पुण्यात बसून दुकानांच्या साखळ्यांसाठी कूपनं काढायची. कोणाला, कशावर, किती रुपयांचं, किती दिवसांचं, हे सगळं आमच्या टेबलावर ठरायचं. आता ते काम सोडलंय, म्हणून जरा मोकळेपणाने लिहितो.

वर्तमानपत्रातलं कूपन आठवा. कात्रीने कापायचं, दुकानात द्यायचं, पाच रुपये सुटायचे. ते कूपन मुकं होतं. किती कागद परत आले एवढंच कंपनीला कळायचं, कोणाच्या घरून आले ते नाही. आजही सगळ्यांना एकच ‘दिवाळी५०’ असा कोड दिला असेल तर तो बराचसा तसाच असतो. पण तुमच्या मेसेजमध्ये आकडे-अक्षरांची जी दहा-बारा चिन्हांची खिचडी असते, तो कोड जगात फक्त तुमच्यासाठी तयार झालेला असतो. आमच्याकडे त्या प्रत्येक कोडमागे एक ओळ असायची. कोणत्या नंबरला पाठवला, किती वाजता, लिंक उघडली का, उघडली तर किती मिनिटांनी, कोणत्या फोनवरून, साधारण कोणत्या शहरातून. मग वापरला का, कोणत्या शाखेत, आणि त्याच बिलात आणखी काय-काय होतं. त्या मेसेजमधली छोटी लिंकसुद्धा प्रत्येकाला वेगळी जाते. तुम्ही ती नणंदेला फॉरवर्ड केली आणि तिने उघडली, तर पहिली नोंद तुमच्याच नावावर होते. मग तिने स्वतःच्या नंबरवर कोड वापरला की तुम्ही दोघी एकमेकींना ओळखता हेही कळतं.

न वापरलेलं कूपनसुद्धा बोलतं. समजा तुम्ही दर महिन्याला एकाच ब्रँडची चहापत्ती घेता. आम्ही तुम्हाला दुसऱ्या ब्रँडवर दहा रुपयांची सूट पाठवायचो. तुम्ही हलला नाहीत. पुढच्या महिन्यात वीस पाठवले, तरी नाही. तिसाला तुम्ही डबा बदललात. झालं, तुमचा आकडा सापडला. शेजारच्या काकू दहालाच हलल्या असतील, तर त्यांना तीस कशाला द्यायचे? त्यामुळे प्रत्येक कूपन आलं की लगेच वापरणाऱ्या माणसाला हळूहळू लहान कूपनं यायला लागतात, आणि दोन महिने दुकानात न फिरकलेल्याला मोठं येतं. रोज येणारं गिऱ्हाईक सूट नसली तरी येणारच, हे आकड्यांनी आम्हाला सांगितलेलं असायचं. लोकांना वाटतं की कूपन म्हणजे निष्ठेचं बक्षीस. माझ्या अनुभवात मोठी रक्कम बहुतेक वेळा सोडून चाललेल्यालाच मिळाली.

हे स्वतः तपासून बघायचं असेल तर तुमचं आणि जाऊबाईंचं कूपन शेजारी-शेजारी ठेवा आणि बारीक अक्षरातली अट वाचा. ‘किमान खरेदी ९९९ रुपये’ असं तुमच्या कूपनावर असेल आणि त्यांच्या कूपनावर १,४९९ असेल, तर घोटाळा झालाय असं समजू नका. तुमचं नेहमीचं बिल आठशेच्या आसपास असणार आणि त्यांचं बाराशेच्या. नेहमीच्या बिलाच्या जरा वर अट ठेवायची म्हणजे माणूस दोन वस्तू जास्त टाकतो. शंभर रुपये वाचवायला दीडशेचं फरसाण घेतलं जातं. हा हिशेब आम्ही एक्सेलमध्ये करायचो. पुढे तो यंत्र करायला लागलं आणि आमच्या टीममधली दोन माणसं कमी झाली.

आणखी एक गोष्ट बाहेर कोणी सांगत नाही. दर मोहिमेत दहा-एक टक्के गिऱ्हाइकांना मुद्दाम काहीच पाठवायचं नसतं. त्यांना कंट्रोल ग्रुप म्हणतात. कूपनाशिवाय ही माणसं किती खर्च करतात ते बघून कूपनाचा खरा फायदा मोजायचा. त्यामुळे शेजारणीला आलं आणि तुम्हाला नाही, यामागे काही वेळा चिठ्ठी टाकण्याइतकंच कारण असतं.

आता मधुमेहाकडे येतो, कारण तुमची खरी काळजी तिथे आहे.

बिलांची यादी बघून घराचं चित्र उभं राहायला महिने लागत नाहीत. आषाढीच्या आधी साबुदाणा, भगर आणि शेंगदाणे, श्रावणात अंडी बंद, गणपतीत मोदकाचं पीठ. एवढ्यावरून घरात काय पाळलं जातं ते कळतं. डायपरचा आकार वाढत गेला की मुलाचं वय कळतं. मोठ्या माणसांचे डायपर आले की घरात कोणी अंथरुणाला खिळलंय हे कळतं. सॅनिटरी पॅड दर महिन्याला येत होते ते थांबले, तर त्याची दोन-तीन कारणं संभवतात आणि यंत्र त्यातल्या सगळ्यांवर पैज लावतं. तुमच्या पट्ट्यांचं असंच झालं. यादीत बहुधा ‘मधुमेह’ असा शब्दही नसेल, ‘साखर-नियंत्रण, घर’ असा एखादा गट असेल. गंमत अशी की पट्ट्या तुमच्या नंबरवर घेतल्यामुळे त्या यादीत मधुमेह तुम्हाला आहे, सासऱ्यांना नाही.

ब्रिटनमध्ये टेस्को या दुकानांच्या मोठ्या साखळीने १९९५ मध्ये क्लबकार्ड हे गिऱ्हाइकांचं सदस्य-कार्ड आणलं. त्याआधीच्या चाचणीचे आकडे एडविना डन आणि क्लाइव्ह हम्बी या जोडप्याने संचालकांपुढे मांडले, तेव्हा टेस्कोचे अध्यक्ष लॉर्ड मॅक्लॉरिन म्हणाले होते की तीस वर्षांत मला गिऱ्हाइकांबद्दल जे कळलं नाही ते तुम्हाला तीन महिन्यांत कळलंय, याची भीती वाटते. आमच्या धंद्यात हा किस्सा नव्या पोरांना कौतुकाने सांगतात. त्यातला भीतीचा भाग सांगताना बहुतेक जण वगळतात. तेव्हा निदान प्लास्टिकचं कार्ड खिशात ठेवायचं की घरी विसरायचं, हे तुमच्या हातात होतं. आपल्याकडे कार्डाची जागा मोबाइल नंबरने घेतली. तोच नंबर बँकेत, तोच गॅसला, तोच शाळेच्या ग्रुपवर. वेगवेगळ्या दुकानांतल्या बिलांचे मणी ज्यात ओवले जातात तो दोरा हा नंबर आहे, आणि आपण तो वर्षानुवर्षं बदलत नाही.

मग दुकानातली गोष्ट तुमच्या फोनवरच्या जाहिरातीत कशी आली? दुकान आपल्या गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी जाहिरात कंपनीकडे चढवतं. फेसबुकने ही सोय २०१२ मध्ये सुरू केली, गूगलने २०१५ मध्ये. नंबर उघडा पाठवत नाहीत, तो ‘हॅश’ करून पाठवतात. म्हणजे गणिती जात्यात घालून त्याची एक लांबलचक ओळ काढतात. जाहिरात कंपनीही आपल्याकडचे नंबर त्याच जात्यात दळते. दोन्हीकडे पीठ सारखं निघालं की माणूस जुळला. ‘आम्ही नंबर कोणाला देत नाही, सगळं कोडमध्ये असतं’ असं दुकानदार सांगतो ते याच अर्थाने, आणि शब्दशः ते खरंही असतं. पण भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ मधल्या आकड्याने सुरू होणारा. म्हणजे शक्य असलेले नंबर एकंदर ४०० कोटी. एवढ्या सगळ्यांचं पीठ आधीच दळून ठेवायला आजच्या चांगल्या कॉम्प्युटरला काही मिनिटं लागतात. मग कुठलीही ओळ हातात आली की नंबर शोधणं म्हणजे टेलिफोनच्या डिरेक्टरीत नाव बघण्याइतकं सोपं.

काउंटरवर नंबर दिला नाही तरी यूपीआयने पैसे दिलेत, आणि तुमच्या यूपीआय आयडीतच मोबाइल नंबर असेल, तर बऱ्याचदा तो दुकानाच्या नोंदीत पोचतो. पैसे गेल्यावर जे स्क्रॅच कार्ड उघडतं, तो वेगळाच बाजार आहे. गूगलने २०१७ मध्ये ‘तेज’ हे पैसे देण्याचं अ‍ॅप आणलं, तेव्हा त्यात खरे रुपये मिळायचे आणि घराघरांत लोक बोटाने कार्डं खरवडत बसायचे. आता बहुतेक वेळा कुठल्यातरी ब्रँडचा कोड निघतो. तो कोड म्हणजे जाहिरातच असते. फरक एवढाच की ती खरवडायचे कष्ट तुम्ही घेता, आणि खरवडलं की नाही याचीही नोंद होते.

ब्राउझरमध्ये बसून आपोआप कूपन शोधणारी एक्स्टेन्शनंही आहेत. त्यावर फार लिहीत नाही, कारण तुम्ही फोनवरच खरेदी करता. एवढंच लक्षात ठेवा की ती बसवताना तुम्ही उघडाल त्या सगळ्या साइटवरचा मजकूर वाचायची परवानगी मागतात. अशा ‘हनी’ नावाच्या फुकट एक्स्टेन्शनसाठी पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या कंपनीने २०२० मध्ये सुमारे ४ अब्ज डॉलर मोजले. फुकट कूपन वाटणाऱ्या वस्तूला एवढा भाव का आला, याचा विचार करत मी तेव्हा एक अख्खा चहा गार केला होता.

कायद्याचं बोलू. ५० हजारांपेक्षा कमी रकमेच्या साध्या बिलावर जीएसटीच्या नियमांनुसार तुमचं नाव-पत्ताही लिहावा लागत नाही, तुम्ही स्वतः मागितलं तर गोष्ट वेगळी. मोबाइल नंबरचा तर प्रश्नच नाही. तेव्हा ‘सिस्टिम नंबराशिवाय बिल घेत नाही’ हे उत्तर तुम्हाला मिळालं, तर ती सिस्टिम दुकानाने तशी ठेवलेली आहे, सरकारने नाही. मे २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार मंत्रालयाने दुकानांना सांगितलंय की नंबरचा आग्रह धरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये, गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेली खासगी माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे.

नवा डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा. त्याच्या सातव्या कलमात एक उदाहरण दिलंय, ते वाचून मी हसलो, कारण ते जवळजवळ तुमचंच आहे. एक बाई औषधाच्या दुकानात खरेदी करते आणि पैसे मिळाल्याची पोच मोबाइलवर पाठवा म्हणून आपली माहिती स्वखुशीने देते. दुकान ती माहिती पोच पाठवण्यासाठी वापरू शकतं. उदाहरण तिथे संपतं. बिस्किटांच्या कूपनासाठी ती वापरावी, असं त्यात कुठेच नाही. त्यासाठी वेगळी, स्पष्ट संमती हवी, आणि संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढूनही घेता आली पाहिजे. १८ वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला या कायद्यात मनाई आहे. दोन कोटी किंवा त्याहून जास्त नोंदलेली गिऱ्हाइकं असलेल्या ऑनलाइन दुकानांना, तीन वर्षं न फिरकलेल्या माणसाची माहिती पुसावी लागेल.

पण ‘लागेल’ हा शब्द मी जपून वापरलाय. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार. तोवर हाताशी आहेत ते ट्रायचे, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, मेसेजचे नियम आणि ग्राहक कायदा.

मेसेजचं सोपं आहे. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक अक्षर असतं. इंग्रजी ‘पी’ असेल तर तो प्रचाराचा मेसेज, ‘एस’ सेवेचा, ‘टी’ व्यवहाराचा, ‘जी’ सरकारी. कूपनाचा मेसेज ‘एस’ लावून आला असेल, तर कोणीतरी चलाखी केलीय. प्रचाराचे मेसेज १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपमधून बंद करता येतात. बंद करूनही आले तर सात दिवसांत तिथेच तक्रार करा. मात्र याने मेसेज थांबतात, दुकानातली तुमची ओळ तशीच राहते.

काउंटरवर काय करायचं? ‘नंबर नको, बिल कागदावर द्या’ असं सरळ सांगा, पण त्या कॅशियर मुलीवर चिडू नका. दिवसाच्या शेवटी शंभरातल्या किती बिलांवर नंबर आला याचा तिला हिशेब द्यावा लागतो. काही ठिकाणी तिचा इन्सेन्टिव्ह त्यावर असतो. म्हणून गिऱ्हाइकाने नाही म्हटलं की ती पटकन दहा वेळा नऊ दाबते. एकदा आमच्या यादीत असं एक ‘गिऱ्हाईक’ निघालं, ज्याने एका महिन्यात तीनशेहून जास्त वेळा खरेदी केली होती, एकाच दिवशी चार शहरांत. यंत्राने त्याला आपोआप सर्वांत वरच्या दर्जाचं सदस्य केलं आणि जन्मदिनाचं कूपनही पाठवलं. तो दहा नऊवाला नंबर कोणाचा असेल तर त्या बापड्याला किती मेसेज गेले असतील! आम्ही दुपारभर हसलो आणि मग दोन दिवस यादी साफ करत बसलो.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. किराण्याला नंबर देतो. माझ्या घरी तूरडाळ किती लागते हे कळलं तर कळू दे, शंभर रुपये शंभर रुपये असतात. औषधांना कधीच देत नाही. पॉइंट मिळोत न मिळोत, औषधं वेगळ्या दुकानात, रोखीने किंवा ज्यात नंबर नाही अशा यूपीआय आयडीने घेतो. असा आयडी बहुतेक यूपीआय अ‍ॅपमध्ये दोन मिनिटांत बनवता येतो. दुकानाचं अ‍ॅप फोनवर ठेवत नाही. ठेवावंच लागलं तर लोकेशन आणि कॉन्टॅक्ट दोन्ही बंद. सगळ्यांना सारखा असलेला कोड दिसला तर आनंदाने वापरतो. आमच्या घरी पूर्वी सगळे जण बाबांचाच नंबर सांगायचे, कारण पॉइंट एकत्र जमतात. ते मी थांबवलं. एका नंबरवर चार माणसांची औषधं, मुलांचे कपडे आणि आजीच्या काठीचं बिल जमलं की ते आख्खं घर होतं.

‘नको, मला बचत करायची नाही’ असं बटण दाबायला लावणाऱ्या अ‍ॅपचं काय, असंही तुम्ही जाताजाता विचारलंय. त्याला लाजवून हो म्हणायला लावणं म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२३ पासून सरकारने अशा १३ क्लृप्त्यांना मनाई केलीय. ती त्यातली एक. खुशाल ते बटण दाबा, कोणी बघत नाही. म्हणजे, बघतं, पण दाबा.

तुमच्या जुन्या माहितीसाठी दुकानाच्या अ‍ॅपमध्ये किंवा बिलाच्या खाली जो तक्रारीचा ईमेल असतो, त्यावर इतकंच लिहा: ‘माझा नंबर मी बिल पाठवण्यासाठी दिला होता. माझ्या खरेदीच्या नोंदी प्रचारासाठी वापरणं आणि जाहिरात कंपन्यांकडे चढवणं बंद करावं, औषधांच्या खरेदीच्या नोंदी माझ्या नंबरपासून वेगळ्या कराव्यात आणि तसं केल्याचं मला लेखी कळवावं.’ मराठीत लिहिलंत तरी चालेल. त्यांच्याकडे वाचणारं कोणीतरी असतंच, आमच्याकडे मीच होतो. अशा मेलला आम्ही घाबरायचो, कारण ते कायदा विभागाकडे न्यावे लागायचे आणि त्या माणसाला यादीतून काढणं हाच सगळ्यांत स्वस्त मार्ग असायचा. महिनाभर उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवा आणि मेलची प्रत जोडा.

शंभर रुपयांचं कूपन हातात आहेच, ते वाया घालवू नका. महिन्याच्या वाणसामानात नेहमीच्या यादीनेच ९९९ होत असतील तर वापरा, फरसाण टाकून बेरीज भरू नका. शुगर-फ्री बिस्किटांचं मात्र जाऊ द्या. पाकिटामागे मैदा किती ते वाचा आणि सासऱ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. ते वापरलं नाहीत तर पुढच्या महिन्यात त्याच बिस्किटांवर जरा मोठी सूट येईल, तेव्हा दचकू नका.